एकवीस लाखांची भाषा

आधी शिव्या खाऊन घेतो. हो, मी परदेशात जाऊन आलो. हो, परदेशात जाऊन आलेला माणूस महिनाभर "तिकडे कसं असतं ना" म्हणत फिरतो आणि गल्लीतल्या लोकांना नकोसा होतो, हेही ठाऊक आहे. पण रस्ते किती स्वच्छ आणि लोक कसे रांगेत उभे राहतात, हे सांगायला ही पोस्ट लिहीत नाहीये. २७ फेब्रुवारी तोंडावर आलीय, रविवार कारंज्यापासून कॉलेज रोडपर्यंत शुभेच्छांचे फ्लेक्स लागायला सुरुवात झालीय, त्यातले चार माझ्याच छापखान्यात छापून झालेत. चारातल्या तिघांत 'दिन'चा 'दीन' होता. मी दुरुस्त केला. एका साहेबांच्या कार्यकर्त्याने तो परत 'दीन' करायला लावला, म्हणे "साहेबांनी पाठवलंय तसंच छापा." छापलं. आता तो चौकात लागलाय, बघून घ्या. दीन म्हणजे काय ते शब्दकोशात बघा, आणि मग ठरवा की चूक आहे की नाही.

तर, मुलगा म्युनिकला नोकरीला आहे. फेब्रुवारीत तिकिटं स्वस्त असतात, कारण शहाणा माणूस त्या थंडीत युरोपात जात नाही. लग्नपत्रिकांचा जोरही नेमका तेव्हा असतो, पण नात पाच वर्षांची झाली आणि आजीने हट्ट धरला, म्हणून गेलो. तिथून मुलाने गाडीने चार दिवस स्लोव्हेनियाला नेलं. नाव मीही नीट ऐकलं नव्हतं. दहा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या आपल्या टूरवाल्यांच्या पत्रकात ते क्वचितच असतं, आणि असलं तरी ब्लेडच्या तळ्यावर तासभर फोटोला थांबा, एवढंच.

आकडे आधी सांगतो. देश आल्प्स पर्वताच्या कुशीत. क्षेत्रफळ साधारण वीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यापेक्षा थोडा मोठा. लोकसंख्या एकवीस लाखांच्या आसपास. २०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या एकसष्ट लाख होती. म्हणजे सिन्नर-निफाड-मालेगावसकट आपण जेवढे आहोत, त्याच्या साधारण एक तृतीयांश माणसं त्या अख्ख्या देशात. आणि त्याच जनगणनेत मराठी मातृभाषा लिहिणारे आठ कोटी तीस लाख. हे दोन आकडे डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

ऑस्ट्रियाच्या बाजूने डोंगराच्या पोटात एक लांब बोगदा लागतो, करावांकेनचा. आत शिरताना पाट्या जर्मन. बाहेर पडलो की स्लोव्हेन. बोगद्यात भाषा बदलते! मुलगा म्हणाला, "बाबा, अलीकडच्या ऑस्ट्रियातही काही गावांत स्लोव्हेन बोलतात, पण पाट्यांवरून तिथे मोठी मारामारी झालेली." नंतर वाचलं. १९७२ साली त्या कॅरिंथिया प्रांतात दोन भाषांतल्या गावपाट्या लावल्या, तर जर्मनवाद्यांनी जमावाने फिरून त्या उखडल्या. शेवटी २०११ मध्ये १६४ गावांच्या दुभाषी पाट्यांवर तडजोड झाली. चाळीस वर्षं एका पाटीसाठी. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर मराठी मोठी करा म्हटलं की काही लोक "पाटीने काय होतं" असं विचारतात. पाटीने काहीच होत नसेल तर ती उखडायला माणसं रात्री घराबाहेर का पडतात, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

आम्ही पोहोचलो ७ फेब्रुवारीला. ल्युब्ल्याना ही राजधानी, पण धुक्यात बुडालेली, आणि थंडी अशी की बायकोने स्वेटरवर स्वेटर, त्यावर मुलाचं जॅकेट, त्यावर शाल घेतली होती. पर्यटक जवळपास नाहीतच. मला वाटलं, चुकीच्या वेळी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलातली मुलगी म्हणाली, आज आमची राष्ट्रीय सुट्टी, सगळी संग्रहालयं फुकट. मी विचारलं, काय आहे आज, स्वातंत्र्यदिन? म्हणाली, नाही, आज आमचा कवी वारला.

मी दोनदा विचारून घेतलं. ८ फेब्रुवारी १८४९ रोजी फ्रान्त्से प्रेशेरन नावाचा कवी वारला. त्याच्या पुण्यतिथीला देशाला सुट्टी. ऐच्छिक सुट्टी नाही, 'कार्यालयीन आदेशान्वये भाषादिन उत्साहात साजरा करावा' असलं परिपत्रक नाही. सरळ सरकारी सुट्टी, जशी आपल्याला १५ ऑगस्टला.

तर दुपारी शहराच्या मुख्य चौकात गेलो. चौकाला त्याचंच नाव, मधोमध त्याचाच पुतळा, १९०५ सालचा. डोक्यावर कवितेची देवी आहे, जवळजवळ उघडी, आणि समोरच चर्च, म्हणून त्या काळी पाद्र्यांनी भरपूर आरडाओरड केली होती. पुतळ्याची नजर समोरच्या गल्लीतल्या एका घराकडे लावलेली. त्या घराच्या भिंतीवर खिडकीत एका बाईचा चेहरा कोरलाय. ती त्याची न मिळालेली प्रेयसी. असला पुतळा आपल्याकडे बसवायचा म्हटलं असतं तर समिती, उपसमिती आणि भावना दुखावल्याचे तीन गुन्हे. असो.

पुतळ्यापाशी नाटकातले नट-नट्या एकामागून एक येऊन त्याच्या कविता म्हणत होते. दरवर्षी म्हणतात. गर्दी होती, पण गर्दीत कोणी ओरडत नव्हतं. मी उभा होतो तेवढ्या वेळात दीपप्रज्वलन नाही, प्रास्ताविक नाही, "वेळेअभावी" हा शब्द नाही. माझ्या शेजारी एक म्हातारा होता, डोक्यावर लोकरी टोपी, त्याचे ओठ नटाबरोबर हलत होते. पाठ होती त्याला. शब्द एकही कळत नव्हता, पण मान खाली घालावीशी वाटली, कारण कुसुमाग्रजांच्या गावचा मी. त्यांना टिळकवाडीत पाहिलेला, त्यांच्या अंत्ययात्रेला गेलेला. आणि माझ्या मुलाला त्यांची एक कविता पूर्ण येत नाही. कारण त्याला मी इंग्रजी माध्यमात घातला.

हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये कोणाला शोध लावल्याचा आनंद नको. १९९६ साली माझ्या छापखान्यात ट्रेडल मशीन होतं, दोन कंपोझिटर मराठी खिळे जुळवायचे, आमचं पोट मराठीवर चालत होतं, आणि मी डोनेशन भरून मुलाला इंग्रजी शाळेत घातलं. का? कारण शेजारच्याने घातलं होतं. दुसरं कुठलंही कारण मी आज प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. "जगाची भाषा", "पुढे अडायला नको" वगैरे नंतर जमवलेली वाक्यं.

त्या जगाच्या भाषेचंच सांगतो. चौकाजवळ कॉफी प्यायला गेलो. मुलाने आधी शिकवलं होतं, तर मी ऐटीत दोन बोटं दाखवून काहीतरी बोललो. काउंटरवरची पोरगी हसली आणि म्हणाली, "द्वे कावी." एक कॉफी म्हणजे एना कावा, दोन म्हणजे द्वे कावी, तीन झाल्या की त्री कावे. दोनासाठी वेगळं रूप! द्विवचन! संस्कृतच्या तासाला आपण ज्याच्या नावाने खडे फोडले, जे आपल्या पूर्वजांनी प्राकृतातच टाकून दिलं, ते इथे काउंटरवर कॉफी विकायला वापरतात. 'द्वे' तर अगदी आपल्या पंडितांच्या तोंडचंच. आम्ही दोघं, तुम्ही दोघं, ते दोघं, सगळ्याला वेगळी रूपं. कोणी म्हणत नाही की अवघड आहे, मुलांवर ओझं होतं, काढून टाका.

मग ती पोरगी माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली. सहज, न अडखळता. मी विचारलं, कुठल्या इंग्रजी शाळेत शिकलीस? तिला प्रश्नच कळेना. मुलाने समजावून सांगितलं तेव्हा म्हणाली, "शाळा स्लोव्हेनच. इंग्रजी विषय होता." आणि आता शिकते कुठे, तर विद्यापीठात, औषधनिर्माणशास्त्र. तेही स्लोव्हेनमधूनच.

मंडळी, आपल्या सगळ्या वादाची फोड त्या एका वाक्यात आहे. इंग्रजी विषय होता. तिथे प्राथमिक शाळेतच परकी भाषा सक्तीची आहे, बहुतेक ठिकाणी ती इंग्रजीच. परदेशी सिनेमे डबिंग न करता खाली स्लोव्हेन अक्षरं देऊन दाखवतात, लहान मुलांचे सोडून. पोरं ऐकतात इंग्रजी, वाचतात स्लोव्हेन. गणित, विज्ञान, इतिहास स्लोव्हेनमध्ये. डॉक्टर स्लोव्हेनमध्ये शिकून होतात. आणि त्या देशातल्या तरुणाशी तुम्ही इंग्रजीत बोला, तुमच्या-माझ्या मुलांइतकंच, पुष्कळदा जास्तच चांगलं बोलतो. आपण मात्र तीस वर्षं एक अफवा जपलीय, की इंग्रजी यायची असेल तर माध्यम इंग्रजी पाहिजे. परिणाम काय? गल्लोगल्लीच्या इंग्रजी शाळांतून बाहेर पडणारं पोरगं, ज्याला भूगोल इंग्रजीत पाठ आहे पण कळलेला नाही, आणि अर्ज ना मराठीत लिहिता येतो ना इंग्रजीत. माझ्याकडे रोज येतात अशी पोरं, बायोडेटा टाइप करून घ्यायला. मी खोटं बोलत नाही, येऊन बसा एक दिवस.

आता पहिली कमेंट काय येणार ते मला माहीत आहे. "काका, त्यांचा स्वतंत्र देश आहे. आपलं राज्य आहे. तुलना चुकीची." छान मुद्दा आहे. फक्त क्रम उलटा आहे.

स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला २५ जून १९९१ला. त्याआधी शतकानुशतकं त्या लोकांना स्वतःचं राज्य नव्हतं. १९१८पर्यंत व्हिएन्नाचा बादशहा. कचेरी जर्मन, वरच्या शाळा जर्मन, पैसेवाल्यांच्या घरात जर्मन. स्लोव्हेन कोण बोलायचं? शेतकरी, मोलकरीण, घोडेवाला. हा प्रेशेरन स्वतः व्हिएन्नात कायदा शिकला, डॉक्टरेट घेतली, जर्मनमध्येही कविता करायचा. म्हणजे इंग्रजी माध्यमातला हुशार मुलगाच म्हणा त्या काळचा. स्वतंत्र वकिलीची परवानगी मागून मागून १८४६ साली मिळाली, तीन वर्षांत मेला. हयातीत कवितांचा संग्रह एकच. तरी त्याने आपलं सगळ्यात चांगलं लिखाण मोलकरणीच्या भाषेत केलं. कोणी फ्लेक्स लावला नव्हता त्याच्यासाठी.

पहिल्या महायुद्धानंतर देशाचा पश्चिम भाग इटलीकडे गेला. जुलै १९२०मध्ये त्रिएस्त शहरातलं स्लोव्हेन लोकांचं सांस्कृतिक भवन फॅसिस्टांनी जाळलं. १९२३पासून स्लोव्हेन शाळा बंद करत आणल्या, माणसांची आडनावंसुद्धा इटालियन करून टाकली. उरलेला भाग युगोस्लावियात. तिथे लढाईने पोळलेल्या, रिकाम्या खिशाच्या लोकांनी १९१९ साली पहिलं काम काय केलं, तर ल्युब्ल्यानात विद्यापीठ काढलं, स्लोव्हेनमध्ये शिकवायला. "आधी परिस्थिती सुधारू द्या, मग भाषेचं बघू," असं ते म्हणाले नाहीत.

आणि हे खास आपल्यासाठी. १९८३च्या सुमारास सगळ्या युगोस्लावियासाठी शाळांचा एक सामायिक अभ्यासक्रम-गाभा ठरवायचा घाट घातला गेला. राष्ट्रीय एकात्मतेसाठी, अर्थात! दुसरं कशासाठी असतं? स्लोव्हेन लेखकांच्या लक्षात आलं की यात आपलं साहित्य एका कोपऱ्यात जाणार. लेखक संघ उभा राहिला आणि कडाडून भांडला. पुढे १९८८ साली एका साप्ताहिकाशी संबंधित तिघं आणि एक सार्जंट यांच्यावर लष्करी गुपितं फोडल्याचा खटला भरला. ल्युब्ल्यानातच, पण खटला चालवला सर्बो-क्रोएशियनमध्ये. आरोपी आमचे, शहर आमचं, आणि न्याय दुसऱ्याच्या भाषेत? लोक रस्त्यावर उतरले. तीन वर्षांनी देश वेगळा झाला. कारणं अर्थातच बरीच होती, पैसा होता, सर्बियाचं राजकारण होतं. पण ठिणग्यांतली एक ही होती. म्हणून म्हणतो, क्रम उलटा आहे. त्यांनी आधी भाषा सांभाळली, देश नंतर मिळाला.

आपल्याकडे एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला, आणि जूनअखेर मागे घ्यावा लागला. तेव्हा मीही मोर्चाचे फलक फुकट छापून दिले होते आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पण मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी फलक घेऊन गेलेल्यांपैकी एक जण पुतण्याच्या मुंजीची पत्रिका घेऊन आला. पत्रिका इंग्रजीत. मी म्हटलं, अहो काल तर... तर म्हणाला, "ते वेगळं हो. पाहुणे पुण्या-मुंबईचे आहेत." पाहुण्यांची आडनावं वाचली मी. देशपांडे, कुलकर्णी, जाधव, बोरस्ते. यातल्या कोणाला मराठी वाचता येत नाही?

हिंदी लादली म्हणून आपण चिडतो, आणि बरोबरच चिडतो. इंग्रजी कोणी लादलेली नाही. ती आपण डोनेशन देऊन आणलीय.

आता ज्यांना इथपर्यंत वाचून हात शिवशिवायला लागलेत त्यांच्यासाठी. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, टोलनाक्यावरच्या पोराला कानाखाली मारून व्हिडिओ टाकणं म्हणजे भाषाप्रेम, असं ज्यांना वाटतं त्यांनी या देशाची दुसरी बाजूही ऐकावी. २६ फेब्रुवारी १९९२ला, स्वातंत्र्यानंतर आठ महिन्यांत, तिथल्या सरकारने पंचवीस हजारांहून जास्त माणसांची नावं कायम रहिवाशांच्या नोंदवहीतून गुपचूप खोडली. कोण होते ते? बोस्निया, सर्बिया, मॅसेडोनियाकडून कामाला आलेले, वर्षानुवर्षं तिथे राहिलेले, कित्येक तर तिथेच जन्मलेले. एका सकाळी माणूस कागद घेऊन कचेरीत जायचा आणि त्याला कळायचं की आपण इथे नाहीच. नोकरी गेली, औषधपाणी गेलं, काही जणांना देशाबाहेर काढलं. 'खोडलेले' असंच नाव पडलं त्यांना. २०१२ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने देशाला दोषी ठरवलं. त्या देशावर तो डाग आहे आणि राहील. भाषा जगवली ती लेखकांनी, मास्तरांनी, आयांनी. माणसं खोडून भाषेत एका शब्दाची भर पडली नाही.

आणि त्याच देशाच्या संविधानात हेही आहे, की जिथे इटालियन किंवा हंगेरियन लोक राहतात त्या गावांत त्यांची भाषाही अधिकृत. मूठभर माणसं आहेत, तरी नव्वद जणांच्या संसदेत दोघांना एकेक हक्काची जागा. स्वतःच्या भाषेची खात्री असलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या भाषेची भीती वाटत नसावी. त्यांचं राष्ट्रगीत म्हणजे याच प्रेशेरनच्या कवितेचं एक कडवं. ती कविता व्हिएन्नाच्या सेन्सॉरमुळे अडकली आणि १८४८मध्ये सेन्सॉरशिप उठल्यावरच छापून आली. त्या कडव्यात 'आमचा विजय असो' नाही. शेजारी हा शेजारी असावा, सैतान नसावा, अशी सगळ्याच राष्ट्रांसाठी मागितलेली दुवा आहे.

तिसऱ्या दिवशी व्र्बा नावाच्या खेड्यात गेलो, त्याच्या जन्मघरी. गुडघाभर बर्फ, गावात आमच्याशिवाय एक कुत्रं. साधं शेतकऱ्याचं घर आहे. ते घर स्मारक कसं झालं, ऐका. एका लेखकाने पुढाकार घेतला आणि शाळेतल्या मुलांनी पैसे गोळा करून घर विकत घेतलं, १९३९ साली ते लोकांसाठी उघडलं. खाऊचे पैसे. मंत्रालयातली फाइल नव्हे. मी बायकोला म्हटलं, आपल्याकडे आधी समिती झाली असती, मग भूमिपूजन, मग दुसऱ्या सरकारचं दुसरं भूमिपूजन. ती म्हणाली, "बर्फात उभं राहून राजकारण नको, चला." मग ब्लेडला जाऊन त्यांचा तो फेमस दुधाळ केक खाल्ला. तळं धुक्यात, बेट अर्धं दिसत होतं. बिल द्यायला मुलाने खिशातून नाणी काढली, त्यात दोन युरोचं एक नाणं होतं. नातीने विचारलं, "हे आजोबा कोण?" प्रेशेरन. नाण्यावर. एक युरोच्या नाण्यावर त्रुबार, ज्याने १५५० साली त्या भाषेतलं पहिलं पुस्तक छापलं. छापखानेवाला म्हणून मला ते नाणं परत द्यायची इच्छा होईना. दिलं नाही. टेबलावर आहे माझ्या.

उगाच स्वर्ग रंगवत नाही. त्यांचीही रडगाणी आहेत. तरुण ऑस्ट्रियात पळतात, जास्त पगारासाठी. पोरं मोबाइलवर इंग्रजी-स्लोव्हेन भेळ बोलतात. विद्यापीठात इंग्रजीतून जास्त शिकवावं की नाही यावर अधूनमधून जोरदार भांडणं होतात. कवितेच्या पुस्तकाच्या काहीशे प्रतीच निघतात. पण इथे गंमत बघा. एकवीस लाखांत काहीशे. आठ कोटीत आपण किती छापतो? मी छापतो म्हणून सांगतो: पाचशे. त्यातल्या दोनशे कवीच्या पलंगाखाली. त्यांच्याकडे लेखकाचं पुस्तक सार्वजनिक वाचनालयातून लोकांनी नेलं तर त्यापोटी लेखकाला सरकारकडून मोबदला मिळतो. आपल्याकडे वाचनालयाच्या ग्रंथपालाला पगार वेळेवर मिळाला तर पेढे वाटतात.

पण कायदे, अनुदान, मोबदला या सगळ्याच्या खाली जे आहे ते मला जास्त टोचलं. तिथे खासगी प्राथमिक शाळा अगदी थोड्या. डॉक्टरचं पोर आणि बसड्रायव्हरचं पोर एकाच सरकारी शाळेत, एकाच भाषेत शिकतं. त्यामुळे ती शाळा बिघडली तर डॉक्टर बोंब मारतो. आपल्याकडे डॉक्टर, वकील, व्यापारी, मी, आपण सगळे मराठी शाळेतून आधीच बाहेर पडलो. मागे कोण उरलं? बांधकामावरच्या बाईचं लेकरू, धुणंभांडीवालीचं, आदिवासी पाड्यावरचं. माझ्या छापखान्यामागच्या मराठी शाळेत चौथीच्या वर्गात आज अकरा मुलं आहेत. अकराही जणांच्या आया कोणा ना कोणाच्या घरी कामाला. शाळेचं छत गळतं, तर बोंब मारणार कोण?

"मराठी मरणार" असं दर फेब्रुवारीत कोणीतरी लिहितं. मला नाही वाटत ती मरेल. आठ कोटी लोकांची भाषा अशी मरत नाही. पण आपण तिला मोलकरणीची भाषा करून ठेवतोय, जशी दोनशे वर्षांपूर्वी स्लोव्हेन होती. ते तिथून वर चढले. आपण, ज्यांच्याकडे ज्ञानेश्वरी आहे, ज्यांना ३ ऑक्टोबर २०२४ला अभिजात दर्जाही मिळाला, ते हौसेने, डोनेशन भरून, एकेक पायरी खाली उतरतोय. अभिजात भाषेत एमबीबीएस करता येत नाही. उच्च न्यायालयाचा निकाल मराठीत येत नाही. २०२०चा कायदा आहे, सगळ्या शाळांत मराठी सक्तीची. किती शाळांत ती नीट शिकवतात, हे तुमच्याच मुलाची वही उघडून बघा, मला विचारू नका.

एक प्रश्न उरतो, तो मुलाने तिथेच विचारला. परतीच्या वाटेवर, त्याच बोगद्यात. "बाबा, मग मी हिला काय शिकवू? ही म्युनिकला वाढतेय." मला उत्तर नव्हतं. त्याला मी इंग्रजीत वाढवला, तो आता जर्मनीत मुलीला मराठी शिकवायला धडपडतोय, यूट्यूबवरून 'चांदोबा चांदोबा' लावतो. जे मी फुकटात देऊ शकत होतो ते तो आता शोधत फिरतोय. मागच्या सीटवर नात "द्वे कावी, द्वे कावी" म्हणत होती, तिला तो आवाज आवडला होता. बायको तिला म्हणाली, "आता म्हण, दोन चहा." म्हणाली.

तर, कामाचं. येत्या २७ तारखेपासून १ मेपर्यंत माझ्याकडे कोणीही लग्नाची, मुंजीची, वास्तुशांतीची पत्रिका मराठीत छापायला आणली तर टायपिंगचे पैसे घेणार नाही. मजकूर नसेल तर मी लिहून देईन, प्रूफ स्वतः तपासेन. इंग्रजी पत्रिकाही छापेन, धंदा आहे, पण पूर्ण दरात, आणि कोणाला वाचता येत नाही म्हणून इंग्रजीत करताय, एवढं एकदा विचारेन. राग येऊ देऊ नका. मागच्या शाळेच्या चौथीच्या अकरा मुलांच्या कविता छापून छोटं पुस्तक करायचंय. बाईंशी बोललोय, त्या तयार आहेत. कागदाचा खर्च माझा, चित्रं काढून देणारं कोणी असेल तर छापखान्यावर या. सकाळी दहा ते संध्याकाळी सात, गुरुवारी लाइट नसते.